कद्दूवाले निगुडकर साहेब

आधीच सांगते, माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मी अंदाजाने लिहिते. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. शिवाय माणसांत बोलायला मला जमत नाही. चार बायका जमल्या की मी पदर सारखा करत कोपऱ्यात उभी राहते. म्हणून हे वहीत लिहून ठेवते आहे. कुणाच्या हाती पडलंच तर त्याने चुका सोडून द्याव्यात आणि माणूस तेवढा बघावा.

माणूस म्हणजे आमचे निगुडकर साहेब. हे साहेब दर होळीला दोन्ही हातांत एक भलामोठा लाल भोपळा धरून घराबाहेर पडतात.

भोपळा कुणाला द्यायचा नसतो. नुसता धरायचा असतो. इकडे लखनौला होळीचा रंग खेळून झाला की लोक आंघोळी करतात, नवे कपडे घालतात आणि घरोघर जाऊन गळाभेट घेतात. छातीला छाती लावून, पाठीवर थापा मारून. आणि साहेबांना मिठीचं भारी संकट वाटतं. बरं, समोरच्याला 'नको' म्हणून दुखवायचंही नाही. मग त्यांनी ही युक्ती काढली. दोन्ही हातांत भोपळा असला की समोरचा मिठी मारणार तरी कशी? तो बिचारा हसतो, भोपळ्यालाच हात लावतो आणि म्हणतो, "होली मुबारक, निगुडकर साहब! यह कद्दू कहाँ ले जा रहे हैं?"

"घर," साहेब म्हणतात आणि पुढे निघतात.

आमच्या अख्ख्या मानक नगरात त्यांचं नाव कद्दूवाले साहब पडलंय. संध्याकाळी भोपळा परत येतो आणि दुसऱ्या दिवशी मी त्याचे घारगे करते. गेली बारा वर्षं होळीच्या दुसऱ्या दिवशी त्या घरात घारगे असतात. कारण कुणी विचारत नाही.

मी त्यांच्याकडे स्वयंपाक करते. आमचे हे रेल्वेच्या कारखान्यात फिटर आहेत, आम्ही भुसावळकडचे. साहेब मिरजेचे. रेल्वेच्या संशोधन ऑफिसात मोठे इंजिनियर होते आणि रिटायर झाल्यावर कॉलनीच्या भिंतीपलीकडेच घर घेऊन राहिले. त्यांच्या बाई गेल्या त्याला नऊ वर्षं झाली. घरात साहेब आणि त्यांची मुलगी मुग्धा, ती हजरतगंजला बँकेत.

ऑफिसात साहेबांचं काम बफरचं होतं. रेल्वेच्या दोन डब्यांच्या मधे जे लोखंडी गोल धक्के असतात ना, ते. त्यांनी मला एकदा कणीक मळताना समजावून सांगितलं होतं. "मंदाबाई, डबे जोडायचे म्हणजे एकमेकांना चिकटवायचे नसतात. मधे बफर लागतो. बफर नसेल तर पहिल्याच ब्रेकला दोघांचं नुकसान. माणसांचंही तसंच आहे."

"हो साहेब," मी म्हटलं. मला ते पटलंच होतं. इकडच्या भाभीजी मला दिसल्या की ओढून छातीशी धरतात आणि मी हातांचं काय करावं ते न सुचून लाटण्यासारखी ताठ उभी राहते. साहेबांच्या घरात तसली भीती नाही. ते स्वतःच्या घरातल्या स्वयंपाकघरात येतानासुद्धा दारावर टकटक करतात. दार सताड उघडं असतं, मी समोर दिसत असते, तरी टकटक. "मंदाबाई, येऊ का?" बारा वर्षांत एकदाही न विचारता आत आले नाहीत.

पण म्हणून ते कोरडे आहेत असं कुणी समजू नये. एकदा माझी पाठ धरली. मी काही बोलले नाही, मी कशाला बोलतेय. पण दुसऱ्या दिवशी साहेब मोजपट्टी घेऊन आले. मला सरळ उभं राहायला सांगितलं आणि चार हात लांबून, एक डोळा मिटून, माझ्या कोपराची उंची ताडली. रविवारी गवंडी बोलावून ओटा साडेतीन इंच उंच करून घेतला. "चूक तुमच्या पाठीची नव्हती, ओट्याची होती," म्हणाले. पाठ आजवर दुखली नाही.

कोरोनाच्या वेळी सगळ्या जगाला लांब उभं राहायला सांगितलं, तेव्हा साहेब म्हणाले, "बघा मंदाबाई, अखेर सरकारने बफरचं महत्त्व ओळखलं." पण त्याच दिवसांत अख्ख्या गल्लीची औषधं त्यांनी आणली. सायकलला पिशव्या अडकवायच्या, प्रत्येक फाटकाला आपली आपली पिशवी टांगायची, घंटी वाजवायची आणि पळत रस्त्यापलीकडे जाऊन उभं राहायचं. समोरच्या म्हाताऱ्या खालाजान खिडकीतून दुवा द्यायच्या आणि साहेब पलीकडच्या फुटपाथवरून त्यांना वाकून नमस्कार करायचे.

हे वाकणंच त्यांना नडायचं. आपल्याकडे मोठं माणूस दिसलं की आपण खाली वाकतो. इकडे मोठं माणूस दिसलं की ते हात पसरून पुढे येतं. साहेबांच्या रिटायरमेंटच्या समारंभात त्यांचे जुने वरिष्ठ आले होते, सत्तरी ओलांडलेले. त्यांना बघून साहेब पटकन पायाला हात लावायला वाकले, आणि त्याच वेळी ते गृहस्थ "अरे निगुडकर!" म्हणत हात पसरून धावले. साहेबांचं डोकं थेट त्यांच्या पोटात. चहाचा कप उडाला, चष्मा फुटला आणि दोघंही एकमेकांना "सॉरी सर, सॉरी सर" म्हणत खाली काचा शोधू लागले. मुग्धा हे सांगते तेव्हा हसून तिच्या डोळ्यांत पाणी येतं.

तर अशा साहेबांच्या मुलीचं लग्न जमलं ते जानकीपुरमच्या शुक्लाजींच्या घरात.

मुलगा अभिषेक, मुग्धाच्याच बँकेतला, गुणी. पण त्याचे वडील! शुक्लाजी म्हणजे सहा फुटांचा, दाराएवढा माणूस. दूधवाला आला तरी त्याला मिठी मारणार, असं मुग्धा सांगायची. आणि मिठी एक नाही, तीन. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे, आणि पाठीवर अशी थाप की शेजारच्या घरात ऐकू जावी. साखरपुड्याला साहेब सुपारी-नारळांनी भरलेलं मोठं ताट दोन्ही हातांत घेऊन उभे राहिले. तासभर त्यांनी ते खाली ठेवलं नाही. हात थरथरायला लागले तरी नाही. शुक्लाजी मोठ्याने हसून व्याह्यांना म्हणाले, "समधी जी, आज तो बच गए आप! मिलनी में नहीं छोड़ेंगे।"

मिलनी म्हणजे इकडची रीत. वरात दारात आली की दोन्हीकडच्या माणसांनी जोडीजोडीने भेटायचं. मामाने मामाला, काकाने काकाला, आणि सगळ्यांत आधी बापाने बापाला. हार घालायचा आणि कडकडून मिठी मारायची, सगळ्यांच्या देखत. त्याशिवाय वरात आत येत नाही.

साहेबांनी ते हसण्यावारी नेलं. पण चार दिवसांनी मुग्धा स्वयंपाकघरात येऊन माझ्याजवळ पाटावर बसली. डोळे लाल.

"मावशी, अभिषेकच्या बुआ काय म्हणाल्या माहितीये? 'लड़की के बाप को हमारा घर पसंद नहीं है क्या? हाथ तक नहीं मिलाया।' आता मिलनीतही बाबांनी असंच काही केलं ना, तर ते लोक जन्मभर बोलतील. मुझे उसी घर में रहना है, मावशी।"

दारावर टकटक झाली. साहेब उभे होते. किती ऐकलं होतं कोण जाणे.

"किती वेळ असते?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"मिठी. सरासरी."

मुग्धाने नाक पुसलं. "तीन सेकंद, बाबा."

"करू," साहेब म्हणाले. "तयारी करावी लागेल."

आणि तयारी सुरू झाली. त्यांनी कागदावर दोन माणसं काढली, वरून बघितल्यासारखी. दोन गोल, चार हात, बाण. उजवा हात वर, डावा खाली, डोकं आपल्या डावीकडे. मग खुर्चीवर लोड उभा बांधून त्याला जुना कोट घातला. मी भाजी निवडता निवडता बघायची. साहेब दारातून चालत यायचे, दोन पावलांवर थांबायचे, लोडाला म्हणायचे, "नमस्ते शुक्लाजी," आणि डोळे मिटून पुढे व्हायचे. दोनदा खुर्चीसकट पडले.

मुग्धा ओरडायची, "बाबा, गले मिलना है, गाड़ी नहीं जोड़नी है!"

"गाडी सोपी असते," साहेब म्हणायचे. "गाडीला खाली रूळ असतात."

लोडावर जमायला लागलं तेव्हा खऱ्या माणसावर बघू म्हणून आमच्या ह्यांना बोलावलं. हे कामावरून आले, हात साबणाने तीनदा धुतले आणि हॉलमध्ये साहेबांच्या समोर उभे राहिले.

"साहेब, तुम्ही आधी."

"नाही नाही, तुम्ही पाहुणे. तुम्ही आधी."

"असं कसं, तुम्ही मोठे."

लखनौच्या लोकांचं पहले आप-पहले आप मी नुसतं ऐकून होते. ते प्रत्यक्ष पाहिलं ते आमच्या ह्या दोन मराठी माणसांत. दहा मिनिटं गेली. शेवटी मी चहा आणला, दोघांनी सुटकेचा श्वास टाकून कप घेतले आणि पावसापाण्याचं बोलायला लागले.

लग्नाला साहेबांची एकच अट होती, मुहूर्त दिवसाचा हवा. इकडे लग्नं रात्रीची, त्यामुळे वरातीतले लोक सकाळी अकरा वाजता उन्हात कुरकुरत नाचत होते. मी हारांचं ताट घेऊन साहेबांच्या मागे उभी होते. मला पुढे यायचं नव्हतं, पण ताट धरायला दुसरं कुणी नव्हतं. साहेब पांढरेफटक पडले होते. मुग्धाने आतून निरोप पाठवला होता, "बाबांजवळ भोपळा नाही ना, बघा."

गाडीतून शुक्लाजी उतरले. त्यांना बघून मी जरा चमकले. तीन आठवड्यांपूर्वी ते आजारी होते, व्हायरल आहे असं त्यांच्या घरून कळवलं होतं. पण माणूस अर्धा झाला होता. उजव्या खांद्यावरून जाड शाल घेतलेली, आणि पाऊल जरा ओढत टाकत होते. पंडितजींनी पुकारलं, "पिताजी से पिताजी की मिलनी!" ढोल थांबला. सगळे गोल करून उभे राहिले.

साहेब दोन पावलांवर गेले आणि थांबले, तयारी केली होती तसेच. आता शुक्लाजींनी हात पसरायचे होते. त्यांनी पसरलेच नाहीत. नुसते हसत उभे राहिले. व्हिडिओवाला म्हणाला, "सर, थोड़ा पास आइए।" कुणी हललं नाही. मागून अभिषेकच्या आत्याचा, त्या बुआंचा, आवाज आला, "लो, देख लो।"

मी साहेबांच्या अगदी पाठीशी होते म्हणून मला दिसलं. शुक्लाजींचा उजवा हात शालीखाली लोंबत होता आणि डाव्या हाताने त्यांनी तो मनगटाशी घट्ट धरून ठेवला होता. त्यांचे डोळे साहेबांकडे होते, आणि त्या दाराएवढ्या माणसाचे डोळे गयावया करत होते. मग कळलं मला. व्हायरल नव्हतं ते. अर्धांगाचा झटका आला होता आणि लग्नात कुणाला कळू नये म्हणून घरच्यांनी लपवला होता.

साहेबांनी पण बघितलं. जन्मभर त्यांनी लोखंड तपासलं, कुठे तडा गेलाय ते त्यांना लांबून दिसतं.

त्यांनी हार घातला. मग एकदम पुढे झाले. सरावातलं काहीही केलं नाही. शालीखाली हात घालून त्यांनी शुक्लाजींचा तो उजवा हात वर घेतला, काचेचं भांडं उचलावं तसा, आणि आपल्या खांद्यावर ठेवला. तो घसरू नये म्हणून वरून आपली मान कलती केली. मग दोन्ही हातांनी त्यांना कवेत घेतलं. शुक्लाजींचा पाय लटपटला तो फक्त मला दिसला, आणि साहेब कानात काय म्हणाले तेही फक्त मी ऐकलं.

"सारा भार मुझ पर छोड़ दीजिए।"

शुक्लाजींनी सोडला. चांगला मिनिटभर साहेबांनी तो पेलला. बघणाऱ्यांना वाटलं, शुक्लाजी सोडायलाच तयार नाहीत. ढोल वाजायला लागला, पोरं ओरडली, "बोला था न, नहीं छोड़ेंगे!" बुआंनी डोळ्यांना पदर लावला. कुणालाही काही कळलं नाही. शाल सारखी करून साहेब मागे आले तेव्हा त्यांच्या कुडत्याचा खांदा ओला होता.

"मंदाबाई," मला हळूच म्हणाले, "पुढचा हार द्या. मामा आले."

माणूस खरं तर इथेच कळला मला. पण पुढचं लिहिल्याशिवाय राहवत नाही.

शुक्लाजींना डॉक्टरांनी हाताचे व्यायाम सांगितले होते. ते करायचे नाहीत. घरच्यांसमोर हात वर जात नाही याची लाज वाटायची, चिडायचे, ताट ढकलायचे. मुग्धाने फोनवर सांगितलं आणि दुसऱ्या दिवसापासून साहेब सकाळी सात वाजता निघू लागले. आधी मेट्रो, मग ऑटो, पार जानकीपुरम. शुक्लाजींच्या खोलीचं दार आतून लावायचं आणि दोघांनीच व्यायाम करायचा. भिंतीवर पेन्सिलच्या खुणा केल्या, बोटं कुठवर चढली त्याच्या.

इकडे मुलीचा बाप मुलीच्या सासरी पाणीसुद्धा पीत नाही. बुआ तसं म्हणाल्याही. तर शुक्लाजींनी त्यांनाच गप्प केलं. "ये लड़की के बाप नहीं हैं, हमारे मास्टर साहब हैं। मास्टर साहब नाश्ता करेंगे।" तेव्हापासून साहेबांचा नाश्ता तिकडेच. कचोरी खाऊन यायचे आणि मला हिशेब द्यायचे, "आज पाऊण इंच, मंदाबाई."

मुग्धा एकदा फोनवर खुसखुसत म्हणाली, "मावशी, सगळ्यात शेवटचा व्यायाम काय आहे, माहितीये? पापाजी हात उचलून बाबांच्या खांद्यावर टाकतात. रोज़! बाबा त्याला एक्सरसाइज़ नंबर सोलह म्हणतात."

मी साहेबांना याबद्दल काही विचारलं नाही. पण हल्ली ते दाढी रोज करायला लागले होते.

थंडी सुरू झाली तेव्हा एक दिवस ते लवकर परत आले. स्वयंपाकघराच्या दारावर टकटक केली.

"काम झालं, मंदाबाई. हात पूर्ण वर गेला. डॉक्टर म्हणाले, आता कशाची गरज नाही. उद्यापासून माझा नाश्ता इथेच."

"छान झालं की, साहेब."

"हो. उत्तम झालं."

दुसऱ्या दिवशी मी सातला गेले तर साहेब अंघोळ करून, स्वेटर घालून, बूट चढवून हॉलमध्ये खुर्चीवर बसले होते. मी पोहे केले, त्यांनी दोनच घास खाल्ले. तिसऱ्या दिवशी तसंच. बूट घालून बसलेले.

मी कधी आपणहून बोलत नाही. त्या दिवशी बोलले. "साहेब, सहज जाऊन या ना जानकीपुरमला."

"सहज कसं जायचं?" ते म्हणाले. "मुलीचं सासर आहे. काहीतरी काम लागतं." आणि बुटांकडे बघत बसले.

चौथ्या दिवशी मी उपम्याला रवा भाजत होते, तेव्हा फाटक वाजलं. खिडकीतून बघितलं तर ऑटोमधून शुक्लाजी उतरत होते. एकटेच, माकडटोपी घालून. फाटकाची कडी त्यांनी डाव्या हाताने काढली, डाव्याच हातात जिलेबीची पिशवी होती, आणि घंटीही डाव्याच हाताने दाबली. साहेबांनी दार उघडलं. तोवर पिशवी उजव्या हातात गेली होती आणि डावा हात अंगाशी आवळून शुक्लाजी चेहरा वाकडा करून उभे.

"निगुडकर साहब, बड़ी मुसीबत हो गई। अब यह बायाँ वाला अकड़ गया है।"

साहेबांनी त्यांना आत घेतलं, खुर्चीवर बसवलं, चष्मा लावला. मग तो डावा हात कोपराखाली धरून हळूहळू वर नेला. हात कसा लोण्यासारखा वर गेला, थेट कानाला लागला.

"आह," शुक्लाजी जरा उशिराच म्हणाले.

साहेबांनी हात खाली आणला, पुन्हा वर नेला, खांदा चाचपला. जन्मभर लोखंड तपासलेला माणूस. बराच वेळ लावला त्यांनी.

"हं," शेवटी गंभीरपणे म्हणाले. "इसमें तो बहुत काम है।"

"कितने दिन लगेंगे?"

"दिन?" साहेब म्हणाले. "साल भर तो पकड़कर चलिए।"

"रोज़ आना पड़ेगा?"

"रोज. एक दिन तुम्ही, एक दिन मी."

हे ते मराठीतच बोलून गेले, पण शुक्लाजींना समजलं असावं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि पाय लांब करून बसले. मी कढईत आणखी एक वाटी रवा घातला.